डोंगरावरचा पेपर

उंब्रजच्या थांब्यावर रंगुबाई एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. मागच्या बाकावर कॉलेजच्या दोन पोरी मास्क हनुवटीवर ओढून बोलायला लागल्या, तशी त्यांनी पाटी सोडली.

"ऑनलाइन परीक्षा म्हणजे फुकटचे मार्क, असं सगळे म्हणतात, पल्लवी."

"म्हणू देत, स्वानंदी. मी दिली मेंढरामागं. रेंज डोंगरावरच हाय, आन् आबा तापानं पडलेलं."

"आणि कॅमेरा?"

"तोंड बाजूला झालं की ताकीद. तिसरीला पेपर बंद. दोन झाल्या, आन् कळप निघाला दुसऱ्याच्या उभ्या पिकात, शाळवात!"

"अगं बाई! उठलीस?"

"उठले असते तर वरीस गेलं असतं. न्हाई उठावं, तर आबांची अब्रू."

"मग गं?"

"डोळं प्रश्नावर, आन् दातातनं आबांची शीळ! म्होरकी मेंढी थांबली, तशी समदी थांबली."

"आणि पेपर?"

"काल निकाल लागला. शंभरात ब्याण्णव!"

रंगुबाईंना राहवेना. त्या मागं वळल्या.

"लेकी, वाजव की एकदा."

"आवं आजी, हितं?"

"हितंच."

पल्लवीनं दात मिटून शीळ घातली. थांब्यातून निघालेल्या कराडच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला.