माणूस पार्क केलाय

सर: बस, पण त्या खुर्चीवर नको. तिच्यावर माझ्या पुस्तकाच्या प्रती आहेत. ही घे. डुगडुगते, पण पडत नाही.

विद्यार्थिनी: चालेल सर. मला फक्त सही हवी होती. आज कार्यालय बंद व्हायच्या आत प्रबंध जमा झाला नाही, तर माझं वर्ष जातं.

सर: सही, सही, सही. तुम्हाला मार्गदर्शक नकोच असतो, रबरी शिक्का हवा असतो. चौथं प्रकरण वाचलं मी. वाटलं, आता एवढंच राहिलं होतं. तीन प्रकरणं वाहनसंस्कृतीवर धड लिहिलीस आणि चौथ्यात काय, तर मोबाइलवरचं एक मीम. उद्या कोणी बिस्किटाच्या पुड्यावर डॉक्टरेट मागेल.

विद्यार्थिनी: मग?

सर: मग शेवटपर्यंत वाचलं. अख्ख्या प्रबंधात तेवढंच एक प्रकरण जिवंत आहे. बाकीची तीन म्हणजे माझीच वाक्यं, कपडे बदलून आलेली.

विद्यार्थिनी: ती तुम्हीच घालायला लावली होतीत सर.

सर: असो. चित्र मात्र जबरदस्त आहे. उन्हात भाजणाऱ्या गाड्यांची रांग. एकच झाड, त्याच्या सावलीत एकच मोकळी जागा, आणि तिच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेला माणूस. तोंडापुढे पेपर. आणि वर ती ओळ, "गाडी यायच्या आधी माणूस पार्क केलाय." लोक दात काढून हसले असतील.

विद्यार्थिनी: खूप हसले. कोणी त्याच्या गळ्यात नंबर प्लेट अडकवली, कोणी कपाळावर वायपर बसवला.

सर: निर्बुद्ध.

विद्यार्थिनी: निर्बुद्ध नाहीत सर, सोय बघणारे आहेत. सगळे खुर्चीतल्या माणसाला हसतात. ज्याच्यासाठी जागा धरलीय, तो चित्रात नाहीच. त्याला हसायचं तर आधी तो दिसायला हवा. मी लिहिलंय ते एवढंच, की सत्ता म्हणजे चित्राबाहेर राहण्याची सोय.

सर: वा. तिथे समासात मी काय लिहिलंय, ते वाच. मोठ्याने.

विद्यार्थिनी: "या गाडीच्या मालकाला माणूस आणि वीट यांतला फरक कळत नाही. अशा माणसाला चारचौघांत उघडं पाडलं पाहिजे."

सर: आणि तू काय केलंस? "एका शैक्षणिक संस्थेचं आवार"! कुठली संस्था? कुठलं आवार? चिकित्सा करायची आणि बोट मात्र खिशात ठेवायचं. ही भित्री भाषा मला चालत नाही. ठिकाण लिही. त्याशिवाय सही मिळणार नाही.

विद्यार्थिनी: नक्की सर?

सर: मी कधी शब्द फिरवलाय?

विद्यार्थिनी: मग हा खिडकीचा पडदा जरा सारते.

सर: कशाला? ऊन येतं.

विद्यार्थिनी: खालचं झाड दिसेल.

(ती पडदा सारते. खाली गाड्यांची रांग उन्हात, आणि झाडाखाली एकच पांढरी गाडी.)

सर: झाडं काय, सगळीकडे असतात.

विद्यार्थिनी: बुंध्याला पिवळा पट्टा आणि शेजारी वाकलेला नळ सगळीकडे नसतो. चित्रात दोन्ही आहेत. पान उलटून बघा.

सर: ही तर माझी जागा आहे.

विद्यार्थिनी: हो.

सर: छे. तिथे कोणी बसत नाही. मी रोज येतो, जागा रिकामी असते.

विद्यार्थिनी: तुम्ही येता तेव्हा असते.

सर: लोक मान ठेवतात माझा. इतकी वर्षं विभागप्रमुख आहे, तिथे कोणी गाडी लावत नाही.

विद्यार्थिनी: लायब्ररीतल्या मॅडम एकदा लावायला गेल्या होत्या. मान त्यांच्याही मनात असेल, पण खुर्चीतला माणूस उठेना. त्यांनीच वैतागून हा फोटो काढला.

सर: कोण माणूस?

विद्यार्थिनी: तुम्ही दिवसभर ज्यांना हाका मारता, ते. चेहरा पेपरामागे आहे, मान्य. पण चपला तरी ओळखायच्या. तुमच्या दाराशी रोज त्याच असतात.

सर: आपले शिपाईमामा?

विद्यार्थिनी: आपले.

सर: हे बघ, आता आपण या चित्राचा जरा तटस्थपणे विचार करू.

विद्यार्थिनी: मघाशी कसा करत होतो?

सर: चेष्टा नको. प्रतिमेचा अर्थ तिच्या ठिकाणाला बांधायचा नसतो. ठिकाण आलं की सिद्धांत खुजा होतो, त्याची तक्रार होते. "एका शैक्षणिक संस्थेचं आवार" हे शब्द मला आता नेमके वाटतायत.

विद्यार्थिनी: भित्रे नाहीत?

सर: संयत आहेत.

विद्यार्थिनी: आणि समासातलं वाक्य? ते तुमच्या अक्षरात आहे. माणूस आणि वीट...

सर: ते खोडून टाक.

विद्यार्थिनी: सर, तुमचं ते श्रमावरचं पुस्तक वाचून मी नोकरी सोडली. घरी सगळे म्हणाले, गाड्यांवर कसली डॉक्टरेट करतेस, त्यापेक्षा गॅरेज टाक. मी तुमची वाक्यं तोंडावर फेकून त्यांना गप्प केलं. आता वाटतं, गॅरेज बरं होतं. तिथे निदान बिघाड झाला की झाकण उघडून बघतात.

सर: मग गॅरेजातून आण सही. स्पष्ट सांगतो, ठिकाण लिहिलंस तर सही नाही. आहे तसं राहू दे, या क्षणी करतो. वर्ष तुझं जाणार आहे, माझं नाही.

विद्यार्थिनी: तुमचं काही जात नाही, हेच तर चौथं प्रकरण आहे.

सर: एवढं लागलंय ना मनाला? थांब, हा प्रश्न आत्ता निकालात काढतो. मामा! अहो मामा!

मामा: आलो सर. चहा सांगू? गाडीवर पानं पडली होती, ती झाडत होतो.

सर: मामा, सकाळी माझ्या जागेवर खुर्ची टाकून कोण बसतं?

मामा: मीच की.

सर: कोणी सांगितलं तुम्हाला?

मामा: तुम्हीच सर. गाडी नवीन घेतलीत तेव्हा म्हणालात, मामा, आपल्या जागेकडे जरा बघत जा. तेव्हापासून बघतोय. तुमची गाडी फाटकात दिसली की खुर्ची उचलतो.

सर: मला तर आठवत नाही.

मामा: तुमच्या डोक्यात पुष्कळ असतं.

विद्यार्थिनी: मामा, तो फोटो पाहिलात ना तुम्ही?

मामा: नंबर प्लेटवाला? पाहिला ताई. पुतण्यानं दाखवला. सून आधी हसली, मग उठून आत गेली.

सर: ते सगळं आता बंद. उद्यापासून तिथे बसायचं नाही. माणसाला असं वागवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. जागेवर प्लास्टिकचा शंकू आणून ठेवा आणि खुर्ची भांडारात जमा करा. संपला अन्याय. आता सहीचं पान उघड आणि पेन दे इकडे.

मामा: खुर्ची जमा करू?

सर: आजच.

मामा: बरं. करतो.

विद्यार्थिनी: मामा, काही बोलायचं होतं का?

मामा: नाही ताई. म्हणजे, दिवसभर दाराशी उभाच असतो मी. आधी स्टूल होतं बाहेर, पण येणाऱ्याजाणाऱ्याला अडतं म्हणून सरांनी काढायला लावलं. सकाळची तेवढी खुर्ची होती. सावली असते, पेपर वाचून होतो. हसणारे हसले, पण मी बसलेला होतो ना.

विद्यार्थिनी: हे माझ्या प्रकरणात कुठेच नाही.

मामा: तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला घाई असायची.

विद्यार्थिनी: हो. सरांची विद्यार्थिनी ना मी. या, इथे बसा.

मामा: नको नको, उठू नका. सवय आहे मला.

सर: वा! हे लिहून घे. "सवय आहे मला." प्रकरण इथेच संपव, अंगावर काटा येईल वाचणाऱ्याच्या. त्याखाली माझी सही शोभेल. ठिकाण तेवढं वगळ.

विद्यार्थिनी: तुम्हीच घ्या लिहून सर. ठिकाण मी लिहिणार. सही राहिली तर राहू दे, वर्ष गेलं तर जाऊ दे. मामा, ती पुस्तकांची खुर्ची मोकळी करायला जरा हात लावता?

मामा: लावतो की. पण एवढी सगळी पुस्तकं ठेवायची कुठे ताई?

विद्यार्थिनी: दाराबाहेर उभी करा. होईल त्यांना सवय.