आयव्हीच्या वाटची

ग्रिम्झबी बंदरातल्या व्हेपच्या, म्हणजे विजेवरच्या सिगारेटच्या, दुकानात डोरीनबाई रांगेत उभ्या होत्या. पुढचा म्हातारा काउंटरवरच्या मुलीशी बोलत होता.

“तुझ्या यंत्रानं डोकं गरगरलं, पोरी. पुन्हा सिगारेट धरली. आणि डॉक्टर म्हणतात, सुटली नाही तर पाय जाईल.”

“वीस मिलिग्रॅम निकोटिनचं नेलं होतंत, आजोबा. सगळ्यात कडक. दिवसाला किती ओढता?”

“एक पाकीट. वीस.”

“मग वीसचं सोसायला हवं होतं. सगळ्या शेवटपर्यंत ओढता ना?”

“माझ्या ओढतो.”

“म्हणजे?”

“धक्क्यावर मासळी उतरवायचो तेव्हापासून दोन पेटवायची सवय. एक माझी, एक आयव्हीची. वाऱ्यात तिची काडी कधी पेटली असेल तर शपथ. अजून दोनच पेटवतो. तिची बशीत जळते.”

“आजी कधी गेल्या?”

“दोन हिवाळे झाले.”

“मग तुमच्या दहाच झाल्या की. तुम्हाला दहाचं पुरे.”

“आणि तिला?”

“बिननिकोटिनचं मिळतं, आजोबा. पुदिन्याचं देऊ?”

“चेरीचं दे. पुदिन्यानं तिला शिंका यायच्या.”