ओल्या रंगावरचा पाय

आरं, तवा मी तिकडं आखातात, खोर फक्कानच्या बंदरात रंगारी व्हतो. दुपारी शेख येणार म्हणून सकाळी धक्क्याची कड पिवळी रंगवली. तेवढ्यात साध्या झग्यातला एक अरब थेट रंगावर!

मी वरडलो, "ए, अंधा है क्या? पीछे हट!"

गडी गुमान मागं सरला. आमचा साताऱ्याचा फोरमन पांढराफटक.

"येड्या, नौदलाचा मोठा साहेब हाय त्यो! शेखच्या मागं मानानं उभा राहतो. खलास, आता तुला गावाला धाडत्याल!"

दुपारी त्योच साहेब शेखच्या मागं, पांढरी वर्दी, खांद्यावर सोनेरी दोऱ्या. शेखचा पाय रंगाकडं वळला. साहेबानं हात आडवा घातला, माझ्याकडं बोट करून कायतरी बोलला. शेख हसला अन् वळसा घालून गेला.

अन् आपला सरपंच? माझ्या पेरलेल्या रानातनं जीप घालतो!