पलंगाचे शॉकर

नाई भाऊ, स्कूटीचे नाई, कारच्या डिक्कीचेही नाई — पलंगाचे. पलंगाचे शॉकर. हसा, पहिल्या दोन दुकानदारांयनं त हसून वापसच पाठवलं. आमची जुनी सतरा सीटची गाडी हाये, किशोरच्या बाबायनं — म्हंजे आमच्या यायनं — सीटा काढून आत घर केलं. शेगडी, पाण्याची टाकी, देव्हारा, आन् मागं पलंग. पलंगाची फळी उचलली का खाली सामान, आन् फळीले वर धरून ठेवाले हे दोन दांडे. आत गॅस रायते म्हणे. मले वाटलं स्वयंपाकाचा — दोन महिने मी त्या बाजूले उदबत्ती नाई लावली.

अमरावतीले काऊन नाई घेतले? सांगते ना. हे तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होते, राजापेठेतला एकूण एक पार्टवाला यायले ओळखते. मी दुकानाची पायरी उतराच्या आत घरी फोन गेला असता. म्हणून अकोल्याले आली. तुमची हलीमा खाला आमच्या शेजारी रायते, तिनंच म्हटलं, अजहरकडं जा, तो दुसऱ्याच्या घरातलं बोलत नाई. घरी सांगून आली का सोमवार हाये, राजेश्वराच्या दर्शनाले जाते. खोटं नाई बोलली — आधी दर्शन घेतलं, मंग इथं आली. हा घ्या परसाद.

नंबर? नंबर होता ना, या नळीवर कागद चिकटवलेला होता. मीच घासून काढला. नळीले तेल लागलेलं दिसलं, वाटलं माह्याच पूजेचं हाये — घासलेटचा बोळा घेतला, नळी चकाचक केली, नंबर गेला. तेल आतून येऊन राह्यलं होतं हे मले काय माहीत? कसे खराब झाले म्हणता? आता ते मी काय सांगू, वस्तू हाये, जुनी होते — काय काढून राह्यले चिमट्यानं? लाल हाये का? — द्या इकडं. द्या. दोरा हाये तो.

बरं, सांगते. उन्हाळ्यात यायले लकवा मारला. डावा हात. देवाच्या कृपेनं बोलणं वाचलं, चालणं वाचलं, हात तेवढा खांद्यावर जाईना. मी रेणुकामातेले बोलली, का यांचा हात देवळाच्या घंटीले लागू दे, याच गाडीतून माहूरले येतो. दसऱ्याले गाडीची पूजा केली — पूजेचा लाल दोरा सगळे स्टेरिंगले बांधतात, मले वाटलं, गाडीत उचलाचं काम कोन करते? हे दोन दांडे करतात. त्यायलेच बांधावं. चमकत्या भागावर नऊ नऊ वेढे, घट्ट गाठ. फळी बंद केली त तो भाग दोऱ्यासगट नळीत जाते आन् आतला गॅस-तेल बाहेर निघते हे मले समजलं नाई, भाऊ. तीस वर्षं मेकॅनिकसोबत संसार केला आन् हे नाई समजलं.

दिवाळी झाल्यावर यायनं फळी उचलाले घेतली. उजव्या हातानं, चांगल्या हातानं. वीतभर वर आली आन् खाली बसली. परत घेतली, परत तेच. मी मागंच उभी होती आन् माह्या तोंडून निघून गेलं — राहू द्या हो, आता नाई होत तुमच्यानं. बस, तेवढंच. हात धुतले, जेवले, ताटात काई ठेवलं नाई, आन् म्हणे गाडी विकून टाकू. तवापासून डाव्या हातानं दाबाचा तो व्यायामाचा रबरी चेंडू हातात घेतला नाई. दर्यापूरचा एक जण बेस्तरवारी पाहाले येऊन राह्यला, कचोरीचं दुकान करणार म्हणे गाडीत.

मंग मी एक दिवस रजई काढाले गेली — मले दोन हातानं फळी हालेना! तुमच्या खालाले बोलावलं, दोघींनी मिळून उचलली, मुसळाचा टेकू लावला, तवा हे दांडे ढिल्ले लोंबतांना दिसले. म्हंजे त्यांचा हात चांगलाच होता.

सांगून टाका म्हणता. किती सोपं! भाऊ, सहा महिने झाले मी रोज म्हणते, आज हात मोकळा दिसते, आज चेहऱ्यावर तेज हाये. दिसत नव्हतं तवाही म्हटलं. आता मी खरं जरी बोलली तरी ते समजतील, ही मन राखून राह्यली. माह्या तोंडचं एकच त्यायनं खरं धरलं, ते जे चुकून निघालं.

म्हणून गुपचूप लावाचे. संध्याकाळी हे प्रार्थनेले जातात, पाऊण तास मिळते. टोकाच्या चिमट्या पेचकसानं मीच काढल्या, मीच लावीन.

हा याहून जोरदार हाये का? आणा, दाबून पाहते — अगं बाई, हालतही नाई. हाच द्या. फळी बंद कराले जड जाईन? जाऊ द्या, बंद कराले मी हाये ना, वर बसीन. यायच्या हातानं ती एकदा वर गेली पाह्यजे, बस. मी तिथं थांबणार बी नाई, म्हणीन रजई काढून द्या, आन् बाहेर तुळशीजवळ जाऊन उभी राहीन. यायचं तोंड पाह्यलं त माह्या तोंडून परत काई निघीन.

काय? आन् तरी नाई उचलली तर?

किती झाले? हे घ्या, मोजून घ्या.

बांधून द्या, भाऊ. माह्यी बस हाये.