मागे हौदा असलेली गाडी

"हॅलो?… हो ताई, मीच बोलतेय… हो, फोन त्यांचाच, माझ्याजवळ आहे… आहेत ना, इथेच आहेत… अहो, ऐका ना… थांबा जरा, बाहेर येते. इथे बोलू देत नाहीत."

वॉर्डाचं दार हळूच ओढून घेत ती जिन्याजवळच्या बाकावर येऊन बसली. नवऱ्याची मोठी बहीण आज काही केल्या बधणार नाही, हे तिला पहिल्या शब्दातच कळलं होतं. आठवडाभर ती नणंदेला काहीबाही सांगत आली होती. हे कामावर गेलेत, अंघोळीला गेलेत, फोन घरीच विसरलेत. सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन नणंदेच्या शहरात झालं होतं. त्यांना घरी आणायला तिचा नवरा गाडी घेऊन जाणार होता, आणि गेलाच नव्हता. म्हातारी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन दुपारपर्यंत इस्पितळाच्या खुर्चीत बसून राहिली. शेवटी लेकीनंच तिला आपल्या घरी नेलं. तेव्हापासून नणंदेचा पारा उतरला नव्हता.

"बोला, मी ऐकतेय… हो… हो… खरंय तुमचं… नाही हो, आई जड कशा होतील त्यांना?… नाही, बायकोचं ऐकून वगैरे काही नाही… ताई… ताई, एक मिनिट. आई जवळ आहेत का तुमच्या?… झोपल्यात? मग तुम्ही दुसऱ्या खोलीत जा… जा ना. दार लावून घ्या… बसलात? आधी बसा."

कसं सांगायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आता आठवेना.

"गाडीचा स्फोट झाला… गाडीचा, हो. आपल्याच… नाही, नाही. आहेत. जिवंत आहेत ते, ताई… धडक नाही हो, गाडी जागेवर उभी होती. आत वेल्डिंगच्या गॅसची टाकी होती ना, ती गळत होती. रात्रभर… सकाळी तुमच्याकडे यायला निघाले, चार पावलांवरून ते किल्लीचं बटण दाबलं… नुसतं बटण. आत लॉकची ठिणगी उडाली म्हणतात. दाराला हातसुद्धा लावला नव्हता."

ती तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्यासाठी थर्मासमध्ये चहा गाळत होती. खिडकीतून तिला गाडीचं छत डब्याच्या झाकणासारखं वर उचललेलं दिसलं. नंतर सगळं गप्प झालं, आणि मग वरच्या मजल्यांवरून काचा पडत राहिल्या, बराच वेळ. ती खाली धावली तेव्हा तो रस्त्यात पाय पसरून बसला होता, लहान पोर बसतं तसा. किल्ली हातातच होती. काय झालं, काय झालं, असं विचारत होता. ती सांगत होती, आणि तो विचारतच होता.

"चेहरा भाजलाय, पण भरून येईल म्हणतात… डावा डोळा बांधलाय, त्याचं अजून सांगत नाहीत. उजव्यानं दिसतं… हात ठीक आहेत… पायही… नाही, तेवढंच नाही."

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरत होतं. तो माणूस जाईपर्यंत ती थांबली.

"कान गेले, ताई… नुसते पडदे नाहीत, आतलं काहीतरी. नस की काय… दोन्ही… डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका… मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते, ते वाचतात. बोलतात नीट, पण मोठ्यानं बोलतात, स्वतःचा आवाज येत नाही ना… म्हणून तर देत नव्हते फोन. काय म्हणून देऊ?"

तिनं दोनदा हॅलो म्हटलं. मग नणंदेनं जे विचारलं ते पोलिसांनी विचारलं होतं, शेजाऱ्यांनी विचारलं होतं. माणसं बसतात त्या गाडीत टाकी आलीच कशी?

"कशी म्हणजे? रोजच असायची, ताई. दुसरी गाडी होती कुठे?"

तो वेल्डर होता. ग्रिल, जिने, फाटकं करायचा. बरीच वर्षं त्यानं हातगाडीवर माल नेला, मग कुणाकुणाचा टेम्पो मागून. त्याच्या डोक्यात एकच गाडी बसलेली होती. छोटी पिकअप. पुढे घरची माणसं दाटीवाटीनं मावतील आणि मागे उघडा हौदा. त्याच्या उस्तादाकडे तशी एक होती. ती गंजून गेली, आणि कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. आता ज्या यायच्या त्या एवढ्या रुंद की त्यांच्या गल्लीत वळायच्या नाहीत, आणि किंमत अशी की विकणारासुद्धा आवाज खाली करून सांगायचा. याहून लहान नाही का, असं विचारत तो शोरूममागून शोरूम फिरला. वर्कशॉपच्या फरशीवर त्यानं खडूनं आख्खी गाडी काढली होती. हा हौदा, ही टाकी, उभी आणि साखळीनं बांधलेली, इथे आई, इथे तू, असं बायकोला त्या रेघांमध्ये उभं करून दाखवलं होतं.

प्रत्येक विकणारा मात्र त्याला त्याच एका छोट्या एसयूव्हीपाशी नेऊन उभा करायचा. उंच, चकचकीत, हप्त्यात बसणारी. मागची सीट पाडली की टेम्पोच समजा, म्हणायचा. घरात गाडी एकच येणार होती, आणि आईची छाती तेव्हाच दुखायला लागली होती. त्याच सुमारास नणंद चार दिवस राहायला आली आणि तिनं निकाल लावून टाकला. आईला काय हौद्यात बसवणार आहेस का, म्हणाली.

घेतली. पण त्या गाडीशी त्याचं कधी जमलं नाही. लोखंडी अँगल मागच्या दारातून शिरून त्याच्या खांद्यावरून पार पुढच्या काचेपर्यंत यायचे. सीट फाटल्या. टाकी आडवी पडून असायची. काच मात्र तो कायम बोटभर खाली ठेवायचा, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. सासूबाई शाल डोक्यावरून घेऊन कुरकुरायच्या, आणि तो म्हणायचा, गॅस आहे आई, त्याला बाहेर जायला वाट नको का?

"हो ना, नेहमी उघडीच असायची… त्या रात्री बंद केली त्यांनी. आईंसाठी… अहो, संध्याकाळी गाडी धुतली, सीटला नवी कव्हरं घातली. धूळ बसली तर आईला ठसका लागेल, टाके दुखतील म्हणाले, आणि सगळ्या काचा वर घेतल्या… टाकी सकाळी जाताजाता वर्कशॉपात उतरवणार होते. दमले होते हो… कळत होतं, सगळं कळत होतं त्यांना. एका रात्रीचा तर प्रश्न होता."

अग्निशमन दलाचा साहेब जळक्या सीटकडे बघत तिला म्हणाला होता, उघड्या हौद्यात असती ना बाई, तर गॅस वाऱ्यावर गेला असता, कुणाला पत्तासुद्धा लागला नसता. साहेब काय म्हणाले, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं काहीच नाही, असं लिहून दाखवलं होतं. नणंदेला मात्र तिनं ते आता शब्दन् शब्द सांगितलं.

"काय?… पुन्हा बोला, ऐकू नाही आलं… तुमच्यामुळे?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. वॉर्डाच्या फरशीवर चादर टाकून पडल्यापडल्या आठवडाभर तिनं ते घोटून ठेवलं होतं, चांगलं धारदार.

"तुम्ही बोललात, हे खरं… नाही, मी नाही म्हणत नाहीये. बोललात. मी मान डोलावली. मला आवडली होती ती गाडी. आई तर पुढच्या सीटवर बसून हसल्यासुद्धा… पण लोखंड खांद्यावर घेऊन रोज ती चालवायची होती त्यांना एकट्याला. ते आपण कुणी विचारलं का, ताई?… रडू नका. आई उठतील… नाही, चिडले नाहीये. चिडायला जीव कुठे उरलाय अंगात… काय? आवाज?… अहो, तुम्हाला येईल त्यांचा आवाज, पण त्यांना… बरं. बरं, नेते आत. फोन ठेवू नका."

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. फोनवर बहिणीचा फोटो बघितला आणि त्याचा अर्धा चेहरा सावध झाला. बायकोनं इतके दिवस थोपवून धरलं, आता तिच्यानं होत नाही, एवढंच त्याला समजलं. त्यानं हात पुढे केला. मी सगळं सांगितलंय, असं ती बोटांनी, ओठांनी सांगायला लागली, पण ती उभी होती डाव्या अंगाला, पट्टी बांधलेल्या डोळ्याच्या बाजूला. ती खाटेला वळसा घालून येईपर्यंत त्यानं फोन कानाला लावला होता.

"हॅलो? ताई, मी बोलतोय… आवाज नीट येत नाही गं, वर्कशॉपात आहे. मशीन चालू आहे शेजारी. मीच बोलतो, तू ऐक."

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"हो… हो, चुकलंच माझं. यायला हवं होतं… गाडी बिघडलीय. मोठं काम निघालंय तिचं."

एखाद्या माणसाला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागेल, तेवढा तो थांबायचा. मान हलवायचा. मग पुन्हा हो म्हणायचा. फोनमधलं रडणं तिला खाटेच्या या बाजूलाही ऐकू येत होतं. तिनं त्याच्या मनगटाला हात लावला. त्यानं तो हळूच बाजूला केला, जरा थांब, आता संपतंय, अशा अर्थानं.

"आईला सांग, येतो म्हणावं. थोडा वेळ लागेल… हं… ही गाडी आता ठेवतच नाही मी. एक छोटी पिकअप बघून ठेवलीय. जुनी आहे, पण चालते. मागे हौदा आहे. आईला पुढे बसवून आणीन मी, हौद्यात नाही… हसू नकोस. खरंच सांगतोय… बरं, ठेवतो. कारागीर खोळंबलेत इकडे. काळजी घे गं."

पलीकडून बहीण त्याला लहानपणच्या नावानं हाका मारत होती, एकामागून एक. त्यानं फोन कानावरून खाली घेतला, उजव्या डोळ्याजवळ धरून नीट बघितला आणि बंद केला.