लाईट असंल त्याच रानात मेंढरं

मी आष्टीकडची, धनगराची लेक आन् धनगराचीच सून. जलमले मेंढरांमागं, लगीन झालं तेबी मेंढरांमागं, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आन् निघायचं. आन् मी घोरायची. काय सांगू ताई तुमाला, बाईमानसानं घोरावं म्हंजे लाजच, नवी नवरी असताना समदी हसायची मला. पन सासू लई हुशार, ती म्हनली रातचं मेंढरं ज्या जाळीत कोंडतो ना, तिच्या तोंडाशी हिला झोपवा, हिच्या आवाजानं लांडगा येनार न्हाई. तवापासून थंडी असू दे, वारं असू दे, माझं अंथरून तिथंच. घोरतंय म्हंजे निवांत झोपलंय असं समदे समजायचे, मीबी समजायची.

निवांत कसलं ओ! सकाळी उठलं की डोकं जड, तोंड कोरडं, चालता चालता डोळे मिटायचे. सासू म्हनायची आळशी हाय. आळशी? लेकरं वाढवली, मेंढरं वाढवली, हे बघा, चुलीपुढं डुलकी लागून हात भाजलाय, ह्यो डाग आळसाचा हाय का?

मंग एकदा मालक बाजाराला गेलते, मी एकटी मेंढरांमागं, लिंबाखाली टेकले आन् डोळा लागला. मेंढरं कोवळ्या ज्वारीत घुसली. कोवळी ज्वारी मेंढराला विषच, आमच्यात लेकरालाबी ठावं असतंय. सात मेली, तडफडून मेली. समदे म्हनले हिच्यापायी मेली, हिला आता मेंढरांमागं धाडू नका. ताई, मेंढरांमागं जाऊ नको म्हनल्यावर मी जगू कशाला? दुसरं येतंय काय मला?

रुसून नगरला धाकट्या बहिनीकडं गेले. एक रात झोपले तर सकाळी ती घाबरलेली, म्हनली अक्का, तू घोरता घोरता गप होतीस, तुझा श्वासच थांबतो. तिनंच दवाखान्यात नेलं. तिथं रातभर अंगाला तारा लावून झोपवलं. डॉक्टरीनबाई म्हनल्या झोपेत तुमचा गळा मिटतो, म्हनून दिवसा झोप येती, नाकावर मुखवटा लावून हवेचं मशीन वापरावं लागंल. किंमत ऐकली आन् मी मनात मेंढ्या मोजल्या. चार मेंढ्या. आपोआप हवा कमीजास्त करनारं आनखी महाग, मी म्हनलं साधंच घेईन. बाई म्हनल्या रोज लावलं तरच फायदा, पेटीत ठिवलं तर पैका पान्यात.

घरी मालक म्हनले घोरन्यापायी चार मेंढ्या? त्यात जुनी मोटारसायकल येती. मी म्हनलं मोटारसायकल मेंढरं राखनार हाय का? एका डुलकीत सात गेली आन् मशीन चारात येतंय, करा की हिशोब. सासू म्हनली भगताकडं चल. मी म्हनलं तुमी जावा. माहेरानं मला एक मेंढी दिलती, तिच्याच वाढीतल्या चार मी सोता बाजारात नेऊन इकल्या आन् मशीन आनलं. कशाला विचारायचं कुनाला?

आता रानात लाईट कुठली? तर आमचा सौदा असा असतो, शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याला, धान्य आमाला. हे बोलनं गड्यांचं. आता मी बोलते. पाटील, पायलीभर धान्य कमी द्या पन वस्तीवरच्या बोर्डात रातभर माझ्या मशीनची पिन ऱ्हाऊ द्या. पहिला पाटील फिदीफिदी हसला. मी बिऱ्हाड उचललं, शेजारच्याच्या रानात मेंढरं नेली. आता शेतकरी सोताहून वायर ओढून ठिवत्यात. लाईट गेली त्या रातीला मी घोरते, आन् सकाळी मालकाला मेंढरांमागं धाडते.

दिवसा आता मी टक्क जागी असते. एकबी मेंढरू माझ्या नजरंबाहेर जात न्हाई. तुमच्या घरात कुनी घोरत असंल तर हसू नका ताई, दवाखान्यात न्या.

परवा मालक म्हनले, तुझा आवाज बंद झाला, आता लांडगा आला तर गं? मी म्हनलं, लई वर्सं माझा गळा मिटत होता तवा तुमची मेंढरं राखली. आता तुमचं अंथरून जाळीच्या तोंडाशी टाकलंय. तुमी जागं ऱ्हावा, मी झोपते.