मातीच्या घराचा चुना

सोलापुरात एक वेळ सोनं उधार मिळेल, पण मातीच्या भिंतींच्या गिलाव्यासाठी कळीचा चुना मागून बघा! ज्या दुकानात गेलो तिथे एकच उत्तर, "सर, सिमेंट न्या की." मी सांगायचो, अहो, मातीच्या भिंतीला सिमेंट चालत नाही, ओल आत कोंडते. मग ते माझ्याकडे दयेनं बघायचे.

शेवटी अक्कलकोटकडच्या एका जुन्या भट्टीवर मिळाला. मंद्रूपच्या माझ्या शेतात मातीचं घर बांधत होतो, तिथेच खड्डा खणून तो पाण्यात भिजत घातला. महिनाभर मुरू द्यायचा होता. शेजारच्या शेतातल्या मल्लूमामांना बजावलं, "मामा, कुणाला हात लावू देऊ नका."

"निवांत जावा. मी हाय की."

महिन्यानं गेलो, तर खड्डा रिकामा आणि समोरचं महादेवाचं देऊळ पांढरंशुभ्र!

"मामा, माझा चुना?"

"जत्रा आली की! देवळाला लावला. लई झ्याक बसला बगा."

"अहो, मग माझ्या भिंतींना काय लावू?"

मामा गालात हसले. हाताला धरून मला गोठ्यात नेलं आणि ताडपत्री ओढली. खाली सिमेंटची पोती!

"गावानं वर्गणी काढून आणल्यात. शिकलेला माणूस माती न् चुन्यात घर बांधतोय, म्हंजी अडचण लई आसंल. आमाला कळत न्हाय व्हय?"

मी तोंड उघडलं, तर मामांनी हातानंच थांबवलं. "आभार नगं. गवंडी बी सांगितलाय, उद्या सकाळी येतोय."